कापसाच्या खोलीतला उजेड

उन्हाचं मला कोणी शिकवू नये. लग्न होऊन या घरात आले त्या वर्षापासून मी मिरच्या वाळवते आहे. ओली मिरची किती ऊन खाते, कोणत्या दिवशी तिला सावलीत ओढायची, एक दिवस उशीर झाला तर ती कशी पांढरीफटक पडते, हे नंदुरबारचे मिरचीचे व्यापारीसुद्धा मला विचारून जात. शाळा चौथीपर्यंत. पण ऊन नुसतं गरम नसतं, त्यात रंग खाणारं आणखी काहीतरी असतं, हे कळायला मला शाळा लागली नाही.

म्हणून स्वप्नाली जेव्हा म्हणाली, "मोठी माय, उन्हमा एक उजेड असा ऱ्हास, तो डोयाले दिसत नही, पन काम तोच करस," तेव्हा मी म्हटलं, "तुन्हा कॉलेजले हाई आते समजनं का?"

स्वप्नाली माझ्या मोठ्या मुलाची, अमृतची मुलगी. बडोद्याला चित्रकलेच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. आषाढ संपत आला आणि ती घरी आली, ती औषधांच्या दोन बाटल्या आणि मांजरपाटाचा गठ्ठा घेऊन. दोन्ही औषधं कालवून ती अंधारात कापडावर ब्रशने फासायची. कापड शेवाळासारखं पिवळट हिरवं व्हायचं. वाळलं की त्यावर केळीचं पान ठेवा, कपाशीचं झाड ठेवा, नाहीतर सबंध माणूस झोपवा, आणि ऊन द्या. मग पाण्यात धुतलं की ऊन लागलेली जागा गर्द निळी होते आणि झाकलेली पांढरी राहते. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता पांढरा माणूस.

तिला आमच्या खानदेशच्या देवीच्या, कानबाईच्या, मागे लावायला पडदे करायचे होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. आदल्या दिवशी घरातल्या पुरुषामागे सव्वा मूठ गहू सुपात मोजायचा, त्या पिठाचे माणशी एक रोट करायचे, आणि ते भाऊबंदांनीच खायचे. कणभरही बाहेर जाऊ द्यायचा नाही. बायकांची मूठ नसते. माझी आहे. मालक गेल्यावर त्यांची मूठ माझ्या नावाने चालू राहिली, कारण घर मी चालवते. कोठीच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात आणि सुपात गहू मीच मोजते. सात मुठी. मी, अमृत, त्याचे दोन मुलगे, माझ्या दिराचे तीन.

"जितला रोट, तितला पडदा," स्वप्नाली म्हणाली. मला ते आवडलं. तसं तिला बोलले नाही. पोरी लगेच डोक्यावर चढतात.

पण पावसाळ्यात ऊन कुठलं. अमृतला गच्चीवर कापडावर झोपवला. चाळीस मिनिटांत तीनदा ढग आले आणि दोनदा तो पाठ खाजवायला हलला. छाप उठला तो चिखलातून निघालेल्या म्हशीसारखा. कानबाईच्या रविवारला तेरा दिवस राहिले होते.

मग दिव्याचा शोध सुरू झाला. आधी लग्नाच्या मांडवातला हॅलोजन आणला. कापड तापलं, त्यावर ठेवलेल्या नाण्याचा छाप मात्र उठला नाही. मी म्हटलं, "याच्यावर भाजी शिजेल, बाकी काही होणार नाही." अमृतने पाणी शुद्ध करायच्या यंत्रातली नळी काढायला घेतली, तेव्हा स्वप्नालीने त्याचा हातच धरला. तो उजेड वेगळा, तो डोळे आणि कातडी जाळतो, म्हणाली. मग पार्सलने जांभळ्या दिव्यांची पट्टी आली. तिचा छाप पट्ट्यापट्ट्यांचा, सतरंजीसारखा. शेवटी तिने मिठाईच्या दुकानात माश्या मारायच्या यंत्रात असतात तसल्या निळसर नळ्या आणल्या. सोळा. जुन्या दरवाजाच्या फळीवर दोन ओळींत बसवल्या आणि फळी चार दोरांनी आढ्याला टांगली, नळ्या खाली करून. फळी खाली घेतली की पट्टे उठायचे, वर नेली की उजेड कमी पडायचा. दोन दिवस ती दोर वरखाली करत होती. मी बघत होते. घरात काम करणारं माणूस मला ओळखता येतं. पोरगी काम करणारी आहे.

हे सगळं चाललं होतं कापसाच्या खोलीत. ही खोली गोठ्याला लागून, मागच्या अंगाला आहे. एकच खिडकी, तिच्यावर गोणपाट. दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाने भरलेली असते, श्रावणात रिकामी. सरकीचा वास मात्र बाराही महिने भिंतींतून येतो. तिथे कोणी झोपत नाही. सात वर्षांपूर्वीपर्यंत भटू झोपायचा.

भटू माझा धाकटा. त्याचं नाव मी घरात काढू देत नाही, पण सांगायचं तर आता काढावं लागेल. सात वर्षांपूर्वी, कानबाईच्या आदल्या दिवशी, मी सुपात गहू मोजत असताना तो एका बाईला घेऊन दारात उभा राहिला. लग्न केलंय म्हणाला. विचारलं नाही, सांगितलं नाही. सुपात आठ मुठी पडल्या होत्या. मी सगळ्या भाऊबंदांसमोर त्यातली सव्वा मूठ परत काढली आणि बैलांच्या गव्हाणीत टाकली. माझी थोरली जाऊ नानीबाई, तेव्हा हयात होती, तिने माझं मनगट धरलं.

"मोजेल मूठ काढू नको, नर्मदा. काढेल जागा कोनी तरी भरस."

भटूने हात पुढे केला होता, खोलगट करून.

"माय, मूठभर गहू शे."

"तो बी नही," मी म्हटलं.

त्या बाईला त्याने त्याच दिवशी तिच्या माहेरी पाठवलं. माय उद्यापर्यंत निवळेल, असं तिला म्हणाला म्हणे. स्वतः कापसाच्या खोलीत झोपला. सकाळी खोली रिकामी होती. अमृत त्याला शोधत सुरतेपर्यंत जाऊन आला. मी त्याला जा म्हटलं नव्हतं, नको जाऊ असंही म्हटलं नाही. तेव्हापासून मुठी सात.

सोमवारी स्वप्नालीने कोरं कापड नळ्यांखाली पसरलं. वर काहीही ठेवलं नाही. उजेड सगळीकडे सारखा पडतो का ते बघायचं होतं, म्हणजे कापड सगळं सारखं निळं व्हायला हवं. नळ्यांचा उजेड निम्म्याच कापडावर पोचत होता, बाकीचं निम्मं काळ्या प्लास्टिकने झाकलं. पंचवीस मिनिटांनी हौदात धुतलं. उघडं निम्मं निळं झालं. फक्त एका कडेला वीतभर पांढरं राहिलं होतं.

"औषध लागनं नही व्हई तठे," ती म्हणाली.

मंगळवारी दुसरं कापड. पांढरं तिथेच, पण जास्त. टाचेसारखं काहीतरी, त्याच्या वर घोटा. तिने फळी पाहिली, नळ्या पुसल्या, दोर मोजले. मी दारात उभी होते. पोळी एकाच बाजूने करपत असेल तर दोष पोळीचा की तव्याचा, हे कसं बघतात ते कोणत्याही बाईला माहीत असतं.

"कापड फिराई टाक," मी म्हटलं. "डोकानी बाजू पायले कर."

बुधवारी तिने तसं केलं. कापड फिरलं, पांढरं फिरलं नाही. दोष कापडाचा नव्हता. खोलीतली ती जागाच तशी होती.

स्वप्नाली खाली बसली आणि त्या जागेवरून हात फिरवू लागली. शेणाने सारवलेली जमीन, वर हवा. मी विचारलं, काय शोधतेस.

"काच दिसाले साफ ऱ्हास ना, मोठी माय, पन काही काचा हाऊ उजेड जाऊ देतस नही. डोयाले आरपार आन् उजेडले भित. तसं काही तरी शे आठे."

"काच शे का आठे?"

"नही."

"मंग?"

तिने हात मागे घेतला.

गुरुवारी तिने फळी दोन वीत वर घेतली आणि पाऊण तास उजेड दिला. त्या दिवशी कापड धुताना अमृतही हौदाशी होता. पाणी आधी पिवळं झालं, मग निळं चढत गेलं, आणि मधोमध कमरेपर्यंतचे दोन पाय पांढरे राहिले. एकावर एक, गुडघ्यात दुमडलेले. कुशीवर झोपलेल्या माणसाचे. कमरेच्या वर उजेडच नव्हता, त्यामुळे तिथून पुढे काही नाही.

अमृत वाकला. डाव्या पायाला बोट लावायला गेला आणि थांबला.

"माय, तीनच बोटं शेतस."

"दिसस माले."

"कुट्टीमा दोन बोटं कोनी गयी व्हतीस?"

भटू नऊ वर्षांचा असताना कडबा कापायच्या यंत्रात त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. हे अमृतला माहीत, मला माहीत. स्वप्नालीला माहीत असायचं कारण नाही. तिच्या काकाला तिने कायम बुटामोज्यांतच पाहिलं.

"कापडवर डाग शे," मी म्हटलं. "डागले बोटं मोजत नही कोनी."

अमृत पन्नाशीचा आहे. माझ्यासमोर त्याने आवाज कधी चढवला नाही, तेव्हाही नाही.

"यंदा त्यानी मूठ टाक, माय."

"नही."

"मंग मन्हा रोट बी करू नको."

तो गोठ्यात निघून गेला. ममता, माझी सून, चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही, पण तिच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. म्हणजे घर कोणाच्या बाजूचं होतं ते मला समजलं. पन्नास वर्षांत मोजलेल्या मुठींना कोणी नाही म्हटलं नव्हतं. रविवारी भाऊबंद जमणार, आणि माझ्याच थोरल्याचं ताट रिकामं. त्यांना मी काय सांगणार, खोलीत एक डाग राहतो म्हणून?

मी स्वप्नालीला विचारलं, "सबन कापडवर एकसारखा पडी असा दिवा शे का कोठे?"

ती म्हणाली, आहे, पण एकच मोठा. छापखान्यात पूर्वी छपाईच्या धातूच्या प्लेटा बनवायला वापरायचे तो. उंचावरून सोडला की डोक्यापासून पायापर्यंत सारखा पडतो, आणि नळ्यांना पाऊण तास लागतो तिथे त्याला दहा मिनिटं पुरतात. पण फार तापतो, आणि डोळ्यांना वाईट.

"तोच आन."

पुरुषोत्तमनगरच्या रस्त्यावर उदेसिंग विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून देतो. एका बंद पडलेल्या छापखान्याचं भंगार त्याने उचललं होतं. शनिवारी दुपारी तो दिवा टेम्पोतून घेऊन आला. पत्र्याचा मोठा टोप, आत हातभर लांब काच. खोलीत शिडी लावून आढ्याला बांधायचं काम त्याचंच होतं, पण उंबऱ्यावर आला आणि उभा राहिला.

"आठे कोनी आजारी शे का, माय?"

"आठे कपाशी ऱ्हास."

"तसं नही. बूट बाहेर काढू का, असं वाटनं."

त्याने बूट काढले. दिवा बांधला, जोडणी केली, आणि आत न बघताच सांगितलं की पाच मिनिटं तांबडा जळेल, मग जांभळा, मग पांढरा. बंद केला तर गार होईपर्यंत पुन्हा लागणार नाही, आणि गार होईपर्यंत त्याच्यापाशी पंखा धरून कोणीतरी बसायचं, नाहीतर काच फुटेल. एवढं बोलून तो टेम्पोत बसला. आमच्या घरून कोणी चहा न पिता जात नाही. तो गेला.

अमृत दाराशी आला होता. मी पदर कमरेला खोचला.

"तठे कोनी झोपेल शे म्हनतस ना? मंग मी झोपस त्याच जागावर. माले जागा भेटनी नही, तर मी मूठ टाकसू. जागा भेटनी, तर तू सगळासमोर रोट खाशी."

"मोठी माय, नको," स्वप्नाली म्हणाली.

"तू दिवा दख."

तिने मला काळा चष्मा दिला आणि डोळे मिटायला सांगितले. खिडकीचं गोणपाट नीट केलं. दिवा तापेपर्यंत मी भिंतीशी उभी होते. मग ती कापडावरचं प्लास्टिक ओढून बाजूला झाली आणि मी झोपले. बरोबर त्या जागेवर. पाठीवर, हात अंगासरशी. हातांत सोन्याच्या पाटल्या, कमरेला किल्ल्या.

जागा होती. ऐसपैस जागा होती.

मला हसू आलं. बाहेर उभ्या अमृतला ऐकू जावं म्हणून मी मोठ्याने म्हटलं, "गार शे आठे. बरं वाटस."

दिवा घूं करत होता. ऊन दिसतं तेव्हा कळतं; हे दिसत नव्हतं, पण नडग्यांवर बसलं होतं. सरकीचा वास वाढला. मी मिनिटं मोजत होते, मिरच्या राखताना मोजते तशी.

चौथ्या मिनिटाला कापड ताणलं गेलं. उजवीकडून. झोपेत कोणी कूस बदलली की शेजारच्याची गोधडी ओढली जाते, तसं.

मी डोळे उघडले नाहीत.

सहाव्या मिनिटाला किल्ल्या एकदा वाजल्या. मी हलले नव्हते.

आठव्याला गार वाटायचं थांबलं. गरमही वाटेना. नडग्यांवर काही नव्हतं. पाठीखाली जमीन नव्हती.

"झायं, मोठी माय. ऊठ."

मी उठले. हात कमरेला गेला. किल्ल्या जागेवर होत्या.

स्वप्नालीला पंखा धरून दिव्याशी बसवली आणि कापड मीच गुंडाळून हौदावर नेलं. अमृतला म्हटलं, बैलांना पाणी दाखव. कापड मला एकटीला धुवायचं होतं. मी जिंकले होते, आणि जिंकलेलं आधी आपण बघावं.

पाणी पिवळं झालं. निळं चढलं.

तो पुरा उठला होता, जरा उजवीकडे सरकलेला. उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, एक हात कानाखाली. लहानपणापासून तसाच झोपायचा. दुसरा हात पुढे केलेला.

मी नव्हते.

मी जिथे झोपले तिथे निळं होतं, कडेपर्यंत निळं. लुगडं नाही, पाय नाहीत, डोकं नाही. मनगटांच्या जागी पाटल्यांची चार पांढरी कडी, आतून निळी. मानेच्या जागी केसांच्या दोन पिना. किल्ल्यांचा जुडगाही होता. कमरेपाशी नव्हता. त्याच्या पुढे केलेल्या मुठीत होता.

कापड मी ओलंच पिळलं आणि माझ्या ट्रंकेत तळाशी घातलं. स्वप्नालीला सांगितलं, बिघडलं. हौदात पडलं आणि पुसलं गेलं. दिवा पुन्हा लावू दिला नाही. कानबाईमागे दरवर्षीचा लाल पडदा लावला.

संध्याकाळी सूप घेतलं. सगळे बसले होते. सात मुठी टाकल्या. मग आठवी भरली, सव्वा मूठ, दाणा सांडू दिला नाही, आणि म्हटलं, "हाई भटूनी." अमृतने मान खाली घातली. मनात मी भटूला म्हटलं, घे, आता तरी हात मागे घे.

रविवारी ममता रोट करायला बसली. आठ करायला घेतले आणि पीठ सातात संपलं. ती कोठीत जाऊन सूप झटकून आली, परात पुसली. मोजणीचं पीठ, त्यात वरून घालता येत नाही. सात तर सात.

आरतीनंतर अमृतने नावं घेत रोट वाटले. स्वतःचं, मुलांची दोन, चुलतभावांची तीन. सातवा रोट त्याने कानबाईपुढे ठेवला आणि भटूचं नाव घेतलं. मग हात झटकले.

"झायं सगळासनं," तो म्हणाला, आणि जेवायला बसला.

मी समोरच बसले होते. पंगतीत कोणी मान वर केली नाही. ममताने सगळ्यांना तूप वाढलं आणि तूप घेऊन माझ्यासमोरून पुढे गेली.

सोमवारी कानबाई तापीत पोचवून आलो आणि कडक ऊन पडलं. इतक्या दिवसांनी, चांगलं मिरचीचं ऊन. मी स्वप्नालीकडून औषध लावलेली हातभर पट्टी मागून घेतली आणि गच्चीवर एकटी बसले. पट्टी कठड्यावर अंथरली. तिच्यावर उजवा हात ठेवला, तळवा खाली, बोटं पसरून. पंधरा मिनिटं मोजली. हलले नाही.

पट्टी स्वप्नालीने खाली नेऊन धुतली. मी पायऱ्यांवर उभी होते. तिने ती उजेडाकडे धरली, निरखली आणि खुशीत आली. दोन कडी, शेजारी शेजारी, स्वच्छ.

"पाटल्या भारी उठ्यात, मोठी माय," ती म्हणाली. "आते हात ठेवी दख."